आत्या, तू कोण होणार?

मुलांनो, ‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न तुम्हाला आजवर किती वेळा विचारला गेलाय, मोजा बरं! पाहुणे विचारतात, शाळेतल्या बाई विचारतात, एसटीत शेजारी बसलेले अनोळखी आजोबासुद्धा विचारतात. आम्हा मोठ्यांना मात्र कोणी विचारत नाही. आम्ही जे काय व्हायचं ते होऊन बसलेलो असतो ना! पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मला तो विचारला गेला. विचारणारी होती माझी भाची मनू. वय वर्षं पंधरा, इयत्ता दहावी.

“आत्या, तू कोण होणार? लवकर ठरव. लेव्हल दहा झाली तुझी.”

मी रत्नागिरीत नर्स आहे. गेली सव्वीस वर्षं वॉर्डात उभी आहे. भाऊ आणि मी एकाच घरात राहतो, तो खाली आणि मी वर. मनू कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन खेळ खेळते. सुट्टीत तिने मलाही त्यात ओढलं. खेळाचं नाव ‘रॅग्नारॉक ऑनलाइन’. दक्षिण कोरियातल्या ग्रॅव्हिटी नावाच्या कंपनीने तो २००२ साली काढला. ली म्यूंग-जिन या कोरियन चित्रकाराच्या चित्रकथेवरून तो बेतलेला आहे. म्हणजे मनूपेक्षा वयाने मोठा आहे बरं का हा खेळ! चित्रंही जुन्या धाटणीची, मोठ्या डोक्याच्या बुटक्या बाहुल्या इकडून तिकडे धावतात तशी. मनूच्या वर्गातली मुलं मोबाइलवर नवे नवे झगमगीत खेळ खेळतात आणि हिला हसतात. हिला मात्र हाच आवडतो. एका परदेशी सर्व्हरवर जुन्या नियमांनी तो चालतो, तिथे ती जाते.

ज्यांना असे खेळ माहीत नाहीत त्यांच्यासाठी, म्हणजे मुख्यतः तुमच्या आईबाबांसाठी, दोन शब्द सांगते. यात एक मोठी काल्पनिक दुनिया असते. गावं असतात, जंगलं असतात, गुहा असतात. जगभरातली माणसं एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन तिथे वावरतात. तुम्ही आत शिरलात की तुमचंही एक पात्र तयार होतं. ते लढतं, वस्तू गोळा करतं, हळूहळू मोठं होतं. आणि मोठं होता होता त्याला एक पेशा निवडावा लागतो. एकदा निवडला की त्या पात्राला तो मागे फिरवता येत नाही.

पण निवडण्याआधी सगळे जण सारखेच असतात. त्या अवस्थेला खेळात नोव्हिस म्हणतात. आपल्याकडे त्याला किती छान शब्द आहे! नवखा. नवख्याच्या हातात एक साधी सुरी, अंगात जेमतेम एक सदरा. गावाबाहेरच्या कुरणात गुलाबी रंगाचे जेलीचे गोळे टुणूक टुणूक उड्या मारत असतात, त्यांना ‘पोरिंग’ म्हणतात. त्यांच्याशी नवख्याने लढायचं. पोरिंगही पहिल्या दिवशी चांगलाच घाम काढतो! तो हरला की एक चिकट तुकडा मागे ठेवून जातो. तो विकून दोन-चार पैसे मिळतात. खेळातल्या नाण्याचं नाव झेनी. असं करत करत कामाची लेव्हल दहा झाली की खेळ म्हणतो, आता ठरवा.

सहा वाटा असतात. तलवारबाज, जादूगार, तिरंदाज, चोर, व्यापारी आणि अकोलाइट. अकोलाइट म्हणजे देवळातला शिकाऊ पुजारी म्हणा ना, पण त्याचं मुख्य काम दुसऱ्यांच्या जखमा भरून काढणं. प्रत्येक पेशाचं गाव वेगळं आणि प्रवेशपरीक्षाही वेगळी. तलवारबाजाला अडथळ्यांच्या वाटेवरून जावं लागतं. तिरंदाजाला झाडांचे ओंडके जमवून आणावे लागतात. अकोलाइटला दूर राहणाऱ्या एखाद्या साधूचं दर्शन घेऊन यावं लागतं. आणि चोराला? एका शेतात घुसून अळंबी चोरून आणायची! अशी प्रवेशपरीक्षा दुसरीकडे कुठे ऐकली आहे का तुम्ही?

आता तुम्ही म्हणाल, हे पेशे हवेतच कशाला? सगळ्यांना सगळं करू द्यावं की! मीही मनूला हेच विचारलं. तिला उत्तर ठाऊक नव्हतं, मग आम्ही दोघींनी मिळून शोधलं.

याचं मूळ कॉम्प्युटरच्या खेळात नाहीच. ते आहे एका टेबलावरच्या खेळात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर कल्पनाशक्ती एवढंच त्याचं सामान. एक जण गोष्ट सांगणार आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होणार. सुरुवातीला पात्रांचे पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. लढवय्या पुढे उभा राहून मार खायचा, जादूगार लांबून मोठा तडाखा द्यायचा आणि धर्मगुरू जखमा बऱ्या करायचा. चोर हा चौथा पेशा पुढच्या वर्षी, १९७५ साली आला.

यातली गंमत आली का लक्षात? एकट्याने कोणाचंच भागत नाही. जादूगार एकटा गेला तर पहिल्याच फटक्यात आडवा. लढवय्या एकटा गेला तर जखमी होऊन परत. म्हणजे प्रत्येकाला मुद्दाम थोडं अपुरं ठेवलेलं आहे, म्हणूनच चौघं एकत्र येतात. मग १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला. त्यात एकही चित्र नव्हतं, पडद्यावर नुसते शब्द. पण अनेक माणसं एकाच वेळी एकाच काल्पनिक जगात वावरू शकत होती. आजचे हे सगळे खेळ त्याचीच पतवंडं!

हे वाचताना मला सारखे आमच्या वाडीतले खेळे आठवत होते. रत्नागिरीकर मुलांना वेगळं सांगायला नको, पण पुण्या-नागपूरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे नमन नावाचा लोकनाट्याचा प्रकार आहे. शिमग्याला गावोगाव मृदंग वाजू लागतो. काळ्या कपड्यातला, उंच टोपीचा संकासूर घुंगरं वाजवत अंगणात येतो आणि लहान पोरं आईच्या पदराआड पळतात. बाईची सोंगंही परंपरेने पुरुषच घेत आलेत. आणि या सगळ्या मंडळींना नाव काय? खेळे! म्हणजे खेळणारे. सोंग घेऊन, मंडळी जमवून खेळायचा खेळ आमच्या अंगणात कधीचाच आहे, फक्त त्याला वीज लागत नाही.

तर आमच्या वाडीतल्या खेळ्यांत नवा पोरगा आला की त्याला पहिल्या वर्षी सोंग मिळत नाही. तो मागच्या रांगेत उभा राहतो, झांज धरतो, गाणाऱ्यांच्या मागून सूर ओढतो. आणि बघत राहतो. मृदंगावर हात कसा पडतो, संकासूर उडी मारताना श्वास कुठे घेतो, बाईचं सोंग घेतलेला माणूस पदर कसा सावरतो. वर्ष-दोन वर्षांनी म्हातारी मंडळी म्हणतात, “हा चालेल राधेला,” किंवा “ह्याचा आवाज मोठा हाय, ह्याला राजा करा.” कधी पोरगा स्वतःच म्हणतो, “माका मृदंगच शिकवा.” मागच्या रांगेतलं ते वर्ष म्हणजेच नवखेपण की नाही?

पुन्हा आपल्या खेळाकडे येऊ. माझी दहा लेव्हल झाल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. खेळात मनूचे चार-पाच ओळखीचे आहेत. कोणी फिलिपिन्सचा, कोणी ब्राझीलचा. (आमच्या घरात नियम आहे, खेळात कोणालाही खरं नाव, शाळा, गाव, फोटो द्यायचा नाही. दिवसाला एक तास. आणि खरे पैसे देऊन काहीही विकत घ्यायचं नाही. आईबाबांनो, हे आधी ठरवा आणि मग भांडणं टाळा.) तर त्यातला एक म्हणाला, जादूगार हो, ताकद जास्त. दुसरा म्हणाला, तिरंदाज हो, लांबून मारता येतं, मरायला होत नाही. तिसरा म्हणाला, चोर हो, चपळ असतो. सगळ्यांचं बोलणं एकाच गोष्टीभोवती, कोण जास्त जोरात मारतं!

मला हा प्रश्नच थोडा विचित्र वाटला. समजा, जादूगार सगळ्यात ताकदवान आहे. पण त्याला मंत्र म्हणत तासन् तास एका जागी उभं राहावं लागतं, आणि मंत्र पुरा होण्याआधी कोणी फटका मारला की सगळं मुसळ केरात. तुम्हाला उभं राहायचा कंटाळा असेल तर ती ताकद घेऊन करायचं काय? नवख्याला पेशाचं नाव दिसतं, चकचकीत कपडे दिसतात, मोठा तडाखा दिसतो. रोजचं काम दिसत नाही. रोजचं काम बघायचं असेल तर त्या पेशातल्या माणसाच्या मागे मागे एक दिवस हिंडावं लागतं. मी तेच केलं. तीन संध्याकाळी नुसती हिंडले. गावाच्या चौकात बसून लोक काय करतात ते बघितलं. मनू वैतागली. “आत्या, तू खेळतच नाहीयेस!” मी म्हटलं, “अगो, मी झांज वाजवतेय.”

मघाशी ज्या बार्टलसाहेबांचं नाव घेतलं, त्यांनी १९९६ साली एक मजेदार लेख लिहिला होता. अशा खेळांत येणारी माणसं चार तऱ्हेची असतात असं त्यांनी त्यात म्हटलंय, आणि त्यांना पत्त्यांच्या रंगांची नावं दिलीत. चौकटवाले म्हणजे गुण, लेव्हल, खजिना मिळवत राहणारे. इस्पिकवाले शोधक; इंग्रजीत इस्पिकच्या नावाचा अर्थ कुदळ, म्हणून हे खणत राहणारे. बदामवाले गप्पा मारायला, मैत्री करायला आलेले. आणि किलवरवाले दुसऱ्यांना त्रास देण्यात आनंद मानणारे. तुमच्या वर्गातही हे चारही रंग सापडतील, बघा शोधून! एकच माणूस दोन रंगांचाही असू शकतो. मी स्वतः बदाम आणि थोडीशी चौकट. मनू पक्की इस्पिक. प्रत्येक घराच्या दारात डोकावल्याशिवाय पोरगी पुढे जात नाही.

आता गंमत ऐका. घरातल्या सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की मी अकोलाइट होणार. नर्स ना मी! मनू तर म्हणाली, “विचारतेय कशाला मी? तू तर जन्मजात हीलर आहेस.”

हे उपचार करणारे पेशे या खेळांत फार मानाचे असतात, आणि त्यांचे हालही फार. एक खरी घडलेली गोष्ट सांगते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नावाचा असाच एक प्रचंड मोठा खेळ २००४ साली निघाला. सप्टेंबर २००५ मध्ये त्यात एक नवी जागा उघडली. तिथल्या राक्षसाचा एक शाप होता. तो लागला की रक्त दूषित व्हायचं, अंगातली शक्ती भराभर कमी व्हायची आणि जवळ उभ्या असलेल्यालाही तो लागायचा. खेळ बनवणाऱ्यांना वाटलं होतं की शाप त्या जागेतच राहील. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर आला आणि भरगर्दीच्या शहरांत पसरला. नवखे तर पटापट मरू लागले. रस्त्यांवर हाडांचे सापळे पडले. तेव्हा कोणी शहर सोडून रानात पळालं. कोणी मुद्दाम गर्दीत जाऊन रोग पसरवला, हे किलवरवाले! आणि जखमा बऱ्या करणारे पेशे घेतलेली कितीतरी माणसं आपणहून शहरात गेली आणि अनोळखी लोकांवर उपचार करत राहिली. ज्यांना उपचार येत नव्हते त्यांतले काही वेशीवर उभे राहून इतरांना सांगत राहिले, आत जाऊ नका. शेवटी कंपनीलाच खेळात बदल करून ती साथ थांबवावी लागली. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोन संशोधकांनी २००७ साली एका नामवंत वैद्यकीय मासिकात यावर लेख लिहिला. साथ आली की माणसं कशी वागतात, हे समजून घ्यायला अशा खेळांचा उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं.

हे वाचलं आणि मला २०२० साल आठवलं. आमची कोविड वॉर्डातली ड्युटी. अंगावर तो घामट सूट, चष्म्यावर वाफ, चेहरा दिसत नाही म्हणून छातीवर मार्करने लिहिलेलं नाव. तेव्हाही काही जण पळाले, काही जण आले. त्या गोष्टीतल्या अनोळखी हीलरांना मी मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि तरीही मी अकोलाइट झाले नाही.

मनूला म्हटलं, “बाई गो, दिवसभर तेच करते. संध्याकाळी परत मलमपट्टी? नको.” पण हे अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं तिला मी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलं, ते तुम्हालाही सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हातगाडीवर कटलरी विकायचे. कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत हो! रिबिनी, फण्या, पिना, टिकल्या, बांगड्या, आरसे, नाड्या, सुया. रत्नागिरीच्या राम आळीच्या आसपास त्यांची गाडी उभी असायची. सुट्टी लागली की मी सकाळपासून त्यांच्याबरोबर. पहिलं गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याचे पैसे कपाळाला लावायचे. त्याला भवानी म्हणतात. भवानीच्या गिऱ्हाइकाशी घासाघीस कमी करायची, त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. पाऊस आला की गाडीवर निळा प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि चार कोपऱ्यांना दगड ठेवायचे. आमचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, तो सांगून येत नाही आणि आला की जात नाही. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तर काय विचारता! मुंबईचे चाकरमानी येणार, मखरं सजणार. झिरमिळ्या, रंगीत कागद, मण्यांच्या माळा. त्या दिवसांत अण्णा मला एकटीला गाडीवर बसवून माल आणायला जायचे. कोणत्या बाईला कोणत्या रंगाची रिबीन दाखवायची, कोणाला दोन रुपये उधार द्यायचे, कोणाला नाही म्हणायचं, हे मला न शिकवता येत होतं. बारा-तेरा वर्षांची होते मी. त्या गाडीमागे उभी असले की मला आपण राजा वाटायचो.

१९९६ साली मी बारावी झाले. त्याच वर्षी अण्णांच्या दम्याने डोकं वर काढलं. घरात कोणाचातरी पगार सुरू होणं गरजेचं होतं. नर्सिंगला विद्यावेतन मिळायचं, पुढे नोकरीची खात्री होती. मोठ्या काकांनी फॉर्म आणला, मी सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. पण ‘तू कोण होणार?’ असं त्या वेळी कोणी विचारलंही नाही. आम्हाला कोणालाच तो प्रश्न परवडण्यासारखा नव्हता. मला माझं काम आवडतं, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच हळहळाल. बाळंतिणीच्या हातात पहिल्यांदा बाळ देताना जे वाटतं ते राम आळीत कधी वाटलं नसतं. पण गाडी विकली त्या दिवशी मी हॉस्टेलवर होते. ती कोणी नेली, किती पैसे आले, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर या खेळातल्या व्यापाऱ्याला काय मिळतं, ठाऊक आहे? हातगाडी!

खरंच सांगते. व्यापारी झालं की पुढे एक कौशल्य शिकता येतं, मग भाड्याने लाकडी चाकांची हातगाडी मिळते. ती मागे बांधून पात्र चालू लागतं. सुरुवातीला गाडी ओढताना ते इतकं हळू चालतं की बघवत नाही. कौशल्य वाढलं की वेग वाढतो. चौकात बसल्या बसल्या मला पहिली हातगाडी दिसली, तेव्हाच माझं ठरलं होतं. बाकीच्या दोन संध्याकाळी मी फक्त खात्री करून घेत होते.

व्यापाऱ्यांचं गाव आहे अल्बर्टा. बंदर आहे ते! लाकडी धक्का, गलबतं, समोर समुद्र. मला तर मिरकरवाड्यात आल्यासारखं वाटलं, फक्त मासळीचा वास तेवढा नाही. तिथल्या व्यापारी संघात वर्गणी भरायची आणि परीक्षा म्हणून एक पार्सल दुसऱ्या गावी पोचवून त्याची पावती आणून द्यायची. वाटेत मी दोनदा मेले. (खेळात मेलं की पुन्हा गावात उठता येतं. आमच्या वॉर्डातही अशी सोय असती तर!) पण पावती आणली आणि झाले व्यापारी.

या पेशातला हिशेब ऐका, गणिताच्या तासाला उपयोगी पडेल. जखमा भरणारं लाल औषध दुकानात ५० झेनीला मिळतं. व्यापाऱ्याचं सवलतीचं कौशल्य पूर्ण वाढलं की त्याला २४ टक्के सूट मिळते, म्हणजे बाटली पडते ३८ झेनीला. ती मी गाडीत भरते आणि लांब गुहेच्या तोंडाशी नेऊन मांडते. तिथे लढून दमलेल्यांना परत गावात जायचा कंटाळा येतो. मी ४५ ला विकते. त्यांचे ५ झेनी वाचले, वर चालणं वाचलं. मला ७ सुटले. कोणालाच फसवलं नाही! दुकान पूर्ण वाढलं की एका वेळी बारा प्रकारचा माल मांडता येतो. व्यापाऱ्याला लढताही येतं म्हणा, पण त्याचा मोठा तडाखा कसला? पैसे फेकून मारायचे! प्रत्येक फटक्याला झेनी खर्च होतात. अण्णांनी हे बघितलं असतं तर हसून हसून त्यांना दमा लागला असता.

दुकान मांडलं की डोक्यावर पाटी लागते, तिच्यावर आपल्याला हवं ते लिहिता येतं. त्या खेळाला देवनागरी येत नाही, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ‘अण्णांची गाडी’. पहिल्या दिवशी तासभर कोणी फिरकलं नाही. मग एक तिरंदाज आला आणि सहा बाटल्या घेऊन गेला. “भवानी झाली!” म्हणून मी ओरडले तशी खालून भाऊ धावत आला. त्याला वाटलं, काही पडलं की काय.

आता मनूचं सांगते. इतके दिवस मी समजत होते की ही खेळात कोणीतरी मोठी जादूगार वगैरे असेल. एक दिवस नीट पाहिलं तर काय! वर्षभर खेळणारी ही पोरगी अजून नवखीच. तोच साधा सदरा, हातात जरा बरी सुरी एवढंच. कामाची लेव्हल दहावर थांबलेली, कारण नवख्याची त्याच्या पुढे वाढतच नाही. पण अंगची लेव्हल चाळीसच्या पुढे. तिच्यापेक्षा कितीतरी नंतर आलेली मुलं सरदार झाली, धर्मगुरू झाली आणि ही आपली अजून गावाबाहेर.

“मनू, का गो?”

“अजून ठरलं नाही,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “घरी सायन्स की कॉमर्स, शाळेत सायन्स की कॉमर्स, क्लासला सायन्स की कॉमर्स. इथे तरी मला कोणी घाई नको करायला.”

दहावीच्या निकालात आमचा कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. याचा आम्हाला अभिमान आहेच. पण त्याचा एक परिणाम असा की पंच्याण्णव टक्के मिळालेल्या पोरालासुद्धा इथे आपण मागे राहिलो असं वाटतं. मनूला गुण चांगले पडतात, म्हणून माझ्या भावाने सायन्स गृहीत धरलंय. तिला भूगोल आवडतो, चित्रं आवडतात, रसायनशास्त्रातले प्रयोग आवडतात, त्यातलं गणित मात्र नाही. आर्ट्सचं तर नावही घरात कोणी काढत नाही. मुलगी पक्की इस्पिक आहे हे बार्टलसाहेबांनी सांगितलं असतं, पण अकरावीच्या फॉर्मवर इस्पिकची चौकोनी खूण करायला जागा नसते.

आणि मग तिने मला खेळातलं एक गुपित दाखवलं. नवख्याने कुठलाही पेशा न घेता अंगची लेव्हल पंचेचाळीस गाठली, तर त्याला सातवी वाट मिळते. तिचं नाव सुपर नोव्हिस. आम्ही घरात तिला महानवखा म्हणतो. त्याला सहाही पेशांची पहिली कौशल्यं शिकता येतात! थोडी तलवार, थोडी जादू, थोडी मलमपट्टी, हातगाडीसुद्धा. पण अंगात बळ तेवढं नवख्याचंच राहतं. दोन फटक्यांत आडवा. म्हणून तो पेशा घेणाऱ्याला लोक एकतर वेडा समजतात किंवा फार मोठा उस्ताद. मधलं कोणी नाही. नवख्याच्या बळावर पंचेचाळीस गाठणंच मुळात जिकिरीचं. चिकाटी लागते. मनू ते वर्षभर शांतपणे करत होती आणि आम्हा कोणाला पत्ता नव्हता.

मी भावाला वर बोलावलं. खुर्चीवर बसवलं आणि तिला म्हटलं, “बाबाला दाखव.” त्याला खेळातलं काही कळत नाही. पडद्यावर एक बुटकी बाहुली आपल्याहून दुप्पट मोठ्या प्राण्याशी लढत होती, पळत होती, पुन्हा येत होती. माझ्या गाडीवरून लाल बाटल्या घेत होती. (भाचीला ३८ ला, मूळ किमतीत.) भाऊ बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, “हिने अजून काहीच निवडलं नाही, तरी ही मागे पडत नाही?”

“पडते की,” मनू म्हणाली. “रोज पडते. पण बाबा, ते बघायला आधी जग बघावं लागतं ना.”

भाऊ काही बोलला नाही. खाली गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येताना त्याने अकरावीच्या तिन्ही शाखांच्या विषयांची यादी आणली, आर्ट्सचीसुद्धा, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्यावर अजून कोणी खूण केलेली नाही. ती यादी आता फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, आणि मधल्या वाटेने मनूच्या दोन लेव्हल बाकी आहेत.